मनगटाला उमजणारा रस्ता

पडद्यावरील मोटार-शर्यतीत मागचे टायर घसरू लागताच, डोळ्यांना ते पुरते उमगण्यापूर्वीच, जे स्टिअरिंग खेळाडूच्या हातात आपण होऊन उलट दिशेला ओढ घेते, त्याच्या पोटात एक विद्युत मोटर असते. आणि अशा स्टिअरिंगांच्या बाजाराचा सारा इतिहास म्हणजे त्या मोटरीचा जोर हातापर्यंत कसा पोचवावा, या एकाच प्रश्नाची निरनिराळी उत्तरे होत. लॉजिटेकच्या २००६ सालच्या जी२५ मध्ये हे काम दातेरी चक्रे करीत, त्यांची खडखड घरातल्या इतरांनाही निमूटपणे सोसावी लागे. थ्रस्टमास्टरने पट्ट्याचा सौम्य मार्ग पत्करला. स्टिअरिंग थेट मोटरीच्या दांड्यावरच बसविणारी, मध्यस्थ वगळणारी पद्धत मात्र दीर्घकाळ धनिकांचीच मिरासदारी होती. जर्मनीच्या फॅनाटेकने २०२१ साली सीएसएल डीडी आणून ती मोडली. ५ न्यूटन-मीटरचा जोर ८ वर न्यायचा, तर अधिक क्षमतेचा वीजपुरवठा-संच मात्र निराळ्या दामाने घ्यावयाचा, ही तजवीज मला काहीशी सावकारी वाटते. पुढे मोझासारख्या चिनी उत्पादकांनी किमतीची चुरस वाढविली, आणि २०२४ साली फॅनाटेकची मालक एंडोर कंपनी दिवाळखोरीत जाऊन तिचा कारभार अमेरिकेच्या कॉर्सेरने विकत घेतला.