सेव्ह केलेलं इंग्रजी

रात्री साडेअकरा वाजता ‘व्हेरी टायर्ड’ नको, ‘एक्झॉस्टेड’ म्हणा, असं सांगणारं रील तुम्ही सेव्ह केलं. अशी किती सेव्ह करून ठेवलीत? आणि सकाळी व्हायवाला सरांनी इंग्रजीत विचारलं, तेव्हा त्यातला एक तरी शब्द तोंडातून बाहेर पडला? उत्तर माहीत होतं, तरी ‘येस सर’च्या पुढे गाडी सरकली नाही. मार्क गेले ते फिजिक्सचे नव्हे, भाषेचे.

रील बघताना सगळं समजतं आणि समजलं म्हणजे आलं, असं आपण धरून चालतो. पण शब्द ओळखणं वेगळं आणि ऐन वेळी तो आठवणं वेगळं.

मग फोन बाजूला ठेवायचा? अजिबात नाही. अंगठ्याबरोबर तोंडही चालवायचं, बस्स! यूट्यूबवर बीबीसी लर्निंग इंग्लिशचा ‘सिक्स मिनिट इंग्लिश’ हा कार्यक्रम आहे. त्यातलं अर्धंच मिनिट घ्या. वेग ०.७५ वर आणा, कॅप्शन सुरू करा. एक वाक्य ऐका, थांबवा, मोठ्यानं म्हणा. मग वेग नेहमीचा करा, कॅप्शन बंद करा आणि निवेदकाच्या मागोमाग, त्याच्याच चालीत बोलत राहा. याला ‘शॅडोइंग’ म्हणतात. शेवटी स्वतःला रेकॉर्ड करून ऐका. लाज वाटेल (आपला आवाज असा आहे?), पण तेव्हाच लक्षात येतं, की ‘कम्फर्टेबल’मधलं ‘टेबल’ तिकडे कुणी टेबलासारखं म्हणत नाही!

लिहिण्याचंही तेच. क्रिकेटच्या व्हिडिओखाली आगीचा इमोजी टाकण्याऐवजी दोन पूर्ण वाक्यं लिहून बघा. ‘ए’ की ‘द’, इथेच अडायला होतं. मराठीत त्यांना जोडच नाही, त्यामुळे वाचताना ते नजरेतून निसटतात.

उघड्यावर चुकायची भीती वाटते? साहजिक आहे, हसणारे असतातच. मग एका मैत्रिणीशी करार करा. रोज रात्री व्हॉट्सअॅपवर एक मिनिटाची इंग्रजी व्हॉइस नोट. विषय काहीही, अगदी चुकलेली एसटीसुद्धा. अडलेला शब्द मराठीत बोलून पुढे जायचं. तो नंतर शोधायचा आणि दुसऱ्या दिवशीच्या नोटमध्ये वापरायचाच.

आज नवीन रील नको. ते ‘एक्झॉस्टेड’वालंच उघडा आणि त्या शब्दाची तीन वाक्यं करा, मोठ्यानं. रूम पार्टनर चमकून बघेल. चौथं वाक्य त्याला करायला सांगा.