नऊ डब्यांची गाडी, सतरा घरांचा आकडा

लेकरांनो, हुरडा खाऊन झाला असेल तर आगटीजवळ सरका. ती बघा, पिंगळीहून गाडी सुटली. तिच्याकडं बघत बघत एका आकड्याची गोष्ट ऐका.

समजा, फलाट नऊ डब्यांपुरताच आहे आणि गाडीही नऊ डब्यांची. इंजिन मोजू नका. गाडी आत शिरली की फलाटाला आधी एक डबा लागतो, मग दोन, मग तीन. नऊ लागले की फलाट भरला. गाडी पुढं सरकली की आठ, सात, सहा, आणि शेवटी एकच. आता हे सगळे अंक या मातीत काडीनं ओळीत लिहा: १२३४५६७८९८७६५४३२१. उजवीकडून वाचा, डावीकडून वाचा, आकडा तोच.

आता नऊ वेळा एक लिहा, १११११११११, आणि या संख्येला तिनंच गुणा. उत्तर हेच येतं! गुणाकार मांडताना प्रत्येक ओळ तुम्ही एक घर डावीकडं सरकवता ना? अशा नऊ ओळी झाल्या. अगदी कडेच्या रकान्यात एक हा अंक एकदाच भेटतो, शेजारी दोनदा, त्याच्या शेजारी तीनदा, मधल्या रकान्यात नऊ वेळा, आणि मग पुन्हा उतरत जातो. फलाट आणि गाडीच ती.

केवढा मोठा आकडा हा? माझे आजोबा अंगणात म्हणून घ्यायचे: एकं, दहं, शतं, सहस्र, दशसहस्र, लक्ष, दशलक्ष, कोटी, दशकोटी, अब्ज, खर्व, निखर्व, महापद्म, शंकू, जलधी, अंत्य, मध्य, परार्ध. मोजा बोटांवर. सतरावं घर मध्याचं. परार्धाला एकच पायरी कमी.

अशा संख्यांना ‘डेमलो’ नाव दिलं दत्तात्रय रामचंद्र कापरेकरांनी. १९०५ साली डहाणूत जन्मले, देवळालीच्या शाळेत मास्तर होते. डोंबिवली स्टेशनला पूर्वी डेमलो म्हणत. ही कल्पना त्यांना तिथं सुचली, म्हणून ते नाव. आपली परभणीहून मनमाडमार्गे मुंबईला जाणारी गाडी देवळाली आणि डोंबिवली ओलांडूनच जाते. कापरेकर म्हटलं की लोक ६१७४ सांगतात. तो आकडा थोर आहेच, पण माझा जीव या डेमलोवर आहे.

कारण त्याच्या पोटात अजून बरंच आहे. अंकांची बेरीज करा: ८१. त्याच ८१ नं आकड्याला भागा, बाकी शून्य. भागाकार येतो तो १२३४५६७९ चा वर्ग. नीट बघा, त्यात आठ नाही! आणि आठ गाळलेल्या या संख्येला नवानं गुणलं की पुन्हा १११११११११.

मग दहावा डबा जोडला तर? मधल्या रकान्यात दहा येतात, एका घरात मावत नाहीत. शून्य ठेवून हातचा एक डावीकडच्या नवाकडं जातो, त्याचेही दहा होतात, तिथंही शून्य, आणि हातचा पुढच्या आठाचा नऊ करतो. उत्तर १२३४५६७९००९८७६५४३२१. उलटसुलट सारखं वाचणं संपलं. दहाच्या घरांत मांडलेल्या गणितात ही गाडी नऊ डब्यांपर्यंतच नीट चालते.

माझ्या शब्दावर विसंबू नका. उद्या सकाळी पाटी घ्या, ११ गुणिले ११ पासून सुरू करा, आणि नऊ डब्यांपर्यंत स्वतः जाऊन या.