हेलियमच्या एका इलेक्ट्रॉनचा हिशेब

फेब्रुवारीच्या रात्री दक्षिण आकाशात, अगस्त्याच्या ईशान्येस, अरित्र तारकासमूहातील एक निळसर तारा दिसतो. १८९६ साली अमेरिकन ज्योतिर्विद एडवर्ड पिकरिंग यांना त्याच्या वर्णपटात काही अनोळखी रेषा आढळल्या. त्यांची मांडणी हायड्रोजनच्या रेषांशी इतकी मिळतीजुळती होती, की त्या हायड्रोजनच्याच होत, असा समज रूढ झाला. १९१२ मध्ये लंडन येथे आल्फ्रेड फाउलर यांनी हायड्रोजन व हेलियम यांच्या मिश्रणातून विद्युत्‌प्रवाह सोडून तशा रेषा प्रयोगशाळेत मिळविल्या. तरीही तो समज कायम राहिला.

१९१३ साली नील्स बोर यांनी निराळा उलगडा केला. हेलियमच्या अणूत दोन इलेक्ट्रॉन असतात. त्यांपैकी एक निघून गेला, की उरलेला आयन हायड्रोजनसारखाच एका इलेक्ट्रॉनचा होतो. मात्र अणुकेंद्रावरील विद्युत्‌भार दुप्पट असतो. त्यामुळे इलेक्ट्रॉन निम्म्या अंतरावर ओढला जातो. भारामुळे बंधन दुप्पट, जवळिकीमुळे पुन्हा दुप्पट, म्हणजे एकूण चौपट.

हिशेब शाळेतील फळ्यावर करता येण्याजोगा आहे. १३.६ या संख्येस अणुक्रमांकाच्या वर्गाने गुणावे व पातळीच्या क्रमांकाच्या वर्गाने भागावे. त्या पातळीवरील इलेक्ट्रॉन सोडविण्यास लागणारी ऊर्जा इलेक्ट्रॉन-व्होल्टमध्ये मिळते. पातळीची ऊर्जा म्हणून तीच ऋण चिन्हाने लिहितात. हेलियमच्या आयनासाठी पहिल्या पातळीस ५४.४, तिसरीस ६.०४४ व चौथीस ३.४ येतात. चौथीवरून तिसरीवर उतरताना २.६४४ इलेक्ट्रॉन-व्होल्ट ऊर्जा बाहेर पडते. १,२४० या संख्येस तिने भागले असता तरंगलांबी सुमारे ४६९ नॅनोमीटर येते. फाउलर यांच्या नळीतील निळी रेषा तेथेच होती. दोन्ही इलेक्ट्रॉन शाबूत असलेल्या हेलियमला मात्र हा नियम लावू नये; त्यांच्या परस्पर प्रतिकर्षणाने हिशेब बिघडतो.

फाउलर यांनी आक्षेप घेतला. बोर यांच्या मते हेलियम व हायड्रोजन यांच्या वर्णपटांतील स्थिरांकांचे गुणोत्तर ४ यावयास हवे; मोजमापात ते ४.००१६ येत होते. ही तफावत किरकोळ वाटेल, पण वर्णपटाची मोजमापे इतकी काटेकोर असतात, की ती डोळ्यांआड करणे शक्य नव्हते. बोर यांनी उत्तर दिले, की अणुकेंद्र स्थिर नसून तेही किंचित फिरते. हायड्रोजनचे अणुकेंद्र इलेक्ट्रॉनच्या १,८३६ पट, तर हेलियमचे सुमारे ७,३०० पट जड असल्याने ते कमी हलते. ही दुरुस्ती करताच गुणोत्तर ४.००१६३ आले. मँचेस्टर येथे इव्हान्स यांनी शुद्ध हेलियमच्या नळीत, हायड्रोजनच्या नेहमीच्या रेषा दिसत नसतानाही, तीच निळी रेषा मिळविली. आणि फाउलर यांनी आपले मत बदलले.