क्रूझसाठी बंदरावर कधी पोहोचावं?

मुंबईहून गोवा किंवा लक्षद्वीपला जाणारी क्रूझ बॅलार्ड पिअरहून सुटते. तिकिटावरची सुटण्याची वेळ ही आपण पोहोचण्याची वेळ नव्हे. चेक-इन त्याच्या बरंच आधी बंद होतं, कारण प्रवाशांची यादी पक्की झाल्याशिवाय जहाज धक्का सोडत नाही. वेब चेक-इन करताना मिळालेला स्लॉट तेवढा खरा मानावा.

आणखी एक कारण आहे, आणि ते मला सर्वांत महत्त्वाचं वाटतं. १३ जानेवारी २०१२ रोजी इटलीजवळ 'कोस्टा कॉन्कॉर्डिया' हे क्रूझ जहाज खडकावर आदळलं, ३२ माणसं गेली. त्याच दिवशी चढलेल्या शेकडो प्रवाशांची सुरक्षा कवायत व्हायचीच होती. त्यानंतर नियम कडक झाले: ही कवायत जहाज सुटण्याआधी किंवा सुटताच व्हायला हवी. तिच्यासाठीही वेळ हाताशी हवा.

पुण्याहून येणाऱ्यांनी खंडाळ्याच्या घाटातली शनिवार-रविवारची कोंडी धरूनच निघावं. नागपूर-कोल्हापूरकरांनी मात्र सरळ आदल्या दिवशी मुंबईत यावं. रात्रीची गाडी चार तास लेट झाली तर जहाज थांबत नाही, आणि पैसेही बहुधा परत मिळत नाहीत. सीएसएमटीवरून टॅक्सीने धक्का अगदी जवळ आहे.

मोठ्या बॅगा टॅग लावून खालीच घेतात, त्या केबिनपर्यंत यायला कधीकधी संध्याकाळ होते. तेव्हा ओळखपत्र, औषधं आणि लेकरांचे कपडे खांद्यावरच्या पिशवीतच ठेवा.