मुंबई पाहायला जाताना मुक्काम कुठे करावा?

(सामुदायिक रेडिओवरील भाषण)

कापसाची वेचणी संपली, तूर घरात आली की आपल्या गटांच्या बैठकीत एक विषय हमखास निघतो: औंदा सहल कुठे न्यायची? शेगाव झाले, माहूर झाले, नागपूरची दीक्षाभूमीही झाली. मग कुणीतरी म्हणते, "एकदा मुंबई पाह्यली पाह्यजे बाप्पा." सगळ्या हसतात, पण मनातून सगळ्यांनाच जायचे असते. आणि लगेच दुसरी विचारते, "पण राहाचं कुठं माय? तिथं तर लय महाग असते."

हा प्रश्न अगदी बरोबर आहे. तिकिटाचे पैसे ठरलेले असतात, जेवणाचे अंदाजाने काढता येतात. मुक्कामाचा खर्च मात्र माहिती नसेल तर दुप्पट होतो. म्हणून आज आम्ही फक्त मुक्कामाविषयी बोलणार आहोत. उदाहरण मुंबईचे घेतले आहे, पण हाच हिशेब पुण्याला, नागपूरला, कुठेही चालतो.

आधी दिवस मोजा, मग रात्री

मूर्तिजापूर जंक्शन मुंबईच्या मुख्य मार्गावर आहे, हे आपले भाग्य. विदर्भ एक्सप्रेस किंवा अमरावती-मुंबई गाडीत रात्री बसले की सकाळी छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस, म्हणजे सीएसएमटी. परतीच्या गाड्या तिथून संध्याकाळी निघतात. म्हणजे शुक्रवारी रात्री निघालो, शनिवार-रविवार मुंबई पाहिली आणि रविवारी संध्याकाळी गाडीत बसलो, तर दोन रात्री गाडीत जातात. मुंबईत मुक्काम एकाच रात्रीचा. पुष्कळ जणी तीन रात्रींचे भाडे मनात धरून घाबरतात, प्रत्यक्षात पैसे एका रात्रीचे लागतात.

तिकिटाचे आरक्षण ६० दिवस आधी सुरू होते. स्लीपर डब्यात स्त्रियांसाठी सहा बर्थचा वेगळा कोटा असतो, एकटी बाई असो की बायांचा गट. तिकीट काढताना तो विचारून घ्या. तिकीट पक्के झाल्यावरच खोली ठरवा.

स्वस्त आणि लांब, की थोडे महाग आणि जवळ?

"आपल्याले तं रात्रभर झोपाचंच हाय, कुठंबी चालते," असे पुष्कळ जणी म्हणतात. आपण हिशेब करून पाहू.

समजा, कल्याणला माणशी २०० रुपयांनी स्वस्त जागा मिळाली. लोकलचे तिकीट फार नाही, ते सोडून द्या. पण कल्याण ते सीएसएमटी हे अंतर पन्नास किलोमीटरहून जास्त आहे. स्टेशनवर पोचणे, गाडीची वाट पाहणे, उतरून चालणे धरले तर एका खेपेला दीड तास सहज जातो. सकाळी सामान ठेवून मुंबईत यायचे, रात्री परत जायचे, दुसऱ्या दिवशी पुन्हा यायचे. अशा तीन खेपा, म्हणजे साडेचार तास. दोन दिवसांत फिरायला मिळतात जेमतेम वीस तास. त्यातला जवळजवळ पाव हिस्सा लोकलमध्ये गेला. त्यातही गर्दीच्या वेळी, सकाळी आठ ते अकरा आणि संध्याकाळी पाच ते नऊ, बॅगा घेऊन लोकलमध्ये चढणे सवय नसलेल्या बाईला जमत नाही. गटातली एखादी फलाटावरच राहून जाते.

जागा जवळ असेल तर दुपारी तासभर पाठ टेकता येते. कुणाचे गुडघे दुखतात, कुणाची पाळी आलेली असते, कुणाला साखरेच्या गोळ्या वेळेवर लागतात. या गोष्टी बैठकीत कुणी बोलत नाही, पण सहलीत त्याच आडव्या येतात. २०० रुपये वाचवण्यापेक्षा ही सोय मोठी आहे.

मग जवळ म्हणजे कशाच्या जवळ? आपल्याला काय पाहायचे आहे, त्याच्या. आधी कागदावर जागा लिहा.

सीएसएमटी, फोर्ट, कुलाबा हा भाग धरला तर स्टेशनची इमारत समोरच आहे. ती १८८८ मध्ये पूर्ण झाली आणि २००४ पासून जागतिक वारशाच्या यादीत आहे. १९२४ मध्ये बांधून झालेले गेटवे ऑफ इंडिया आणि छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय तिथून जवळ आहेत. घारापुरीच्या लेण्यांना जाणारी बोट गेटवेवरूनच सुटते. मात्र लेणी सोमवारी बंद असतात आणि भायखळ्याची राणीची बाग बुधवारी.

दादर हा दुसरा भाग. चैत्यभूमी आणि शिवाजी पार्क तिथेच, सिद्धिविनायकही जवळ. मध्य आणि पश्चिम दोन्ही मार्गांच्या लोकल दादरला मिळतात.

ऑक्टोबर २०२५ पासून भुयारी मेट्रो कफ परेडपर्यंत पूर्ण सुरू झाली आहे. सीएसएमटी, सिद्धिविनायक, दादर ही तिन्ही स्टेशने तिच्यावर आहेत. त्यामुळे दोन्हींपैकी कुठेही राहिलो तरी दुसऱ्या भागात लोकलच्या गर्दीत न शिरता जाता येते. तिकीट लोकलपेक्षा महाग असते, पण सोबत वयस्कर बाया असतील तर ते परवडते.

डिसेंबरच्या ६ तारखेच्या आसपास आणि गणपतीत दादर, परळ, गिरगाव या भागांत जागा मिळणे कठीण असते. अभिवादनालाच जायचे असेल तर महापालिका शिवाजी पार्कवर सोय करते. नुसती मुंबई पाहायची असेल तर दुसरे दिवस निवडा.

राहण्याच्या जागा किती प्रकारच्या

पहिली, रेल्वेची रिटायरिंग रूम आणि डॉर्मिटरी. स्टेशनातच असते. पक्के किंवा आरएसी तिकीट असेल तर त्याच्या पीएनआर क्रमांकावर आयआरसीटीसीच्या साइटवरून बुक होते. पण जागा थोड्या असतात, सगळ्या गटाला मिळतीलच असे नाही.

दुसरी, लॉज आणि साधी हॉटेले. सीएसएमटीच्या आसपास आणि दादरला भरपूर आहेत. खोली लहान असते, ते गृहीत धरा.

तिसरी, संस्थांची अतिथिगृहे. कुलाब्याच्या बाजूला मादाम कामा रोडवर वायडब्ल्यूसीए या स्त्रियांच्या संस्थेचे अतिथिगृह आहे. साध्या लॉजपेक्षा भाडे जास्त, पण एकट्या बाईला निर्धास्त वाटते.

चौथी, आमदार निवास. आमदारांच्या पत्रावर तिथे सोय होऊ शकते, हे आपल्याकडे सगळ्यांना ठाऊक आहे. पण अधिवेशनाच्या काळात अवघड. शिवाय पत्र मिळाले म्हणजे खोली मिळाली असे नव्हे. तिथून होकार आल्याशिवाय निघू नका.

पाचवी, धर्मशाळा. तिच्याविषयी थोडे सविस्तर बोलायचे आहे.

धर्मशाळा म्हटले की आपल्याला गाडगेबाबाच आठवतात. जन्म १८७६ चा, शेंडगावचा, पण बालपण आपल्याच तालुक्यात दापुरीला मामाच्या घरी गेले. मूर्तिजापुरात त्यांनी गोरक्षण आणि धर्मशाळा उभी केली. पंढरपूर, नाशिक, आळंदी, देहू इथेही धर्मशाळा बांधल्या, स्वतःला मात्र झोपडीसुद्धा बांधली नाही. पंढरपूरच्या धर्मशाळेला नाव दिले संत चोखामेळ्याचे, कारण त्या काळी दलित वारकऱ्यांना कुणी ओसरीवरही टेकू देत नसे. पुढे ती इमारत त्यांनी बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीला देऊन टाकली. परक्या गावात रात्री टेकायला जागा मिळणे हा माणसाच्या मानाचा प्रश्न आहे, हे बाबांनी ओळखले होते.

मुंबईत दादरलाही गाडगे महाराजांच्या नावाची धर्मशाळा आहे. पण ती कॅन्सरच्या उपचारासाठी टाटा रुग्णालयात येणाऱ्या रुग्णांसाठी आणि त्यांच्या नातेवाइकांसाठी आहे. सहलीला जाणाऱ्यांनी तिथे जागा मागू नये. आपण अडवलेली एक खाट म्हणजे फुटपाथवर झोपणारा एक रुग्ण. गावात कुणाला टाटाला न्यायची वेळ आली तर मात्र हे नाव लक्षात असू द्या. इतर समाजांच्या आणि देवस्थानांच्या धर्मशाळा सहलीसाठी मिळू शकतात. त्यांचे नियम आधी विचारा.

फोनवर काय विचारायचे

भाडे विचारताना नुसते "खोली कितीची?" असे विचारू नका. हे प्रश्न वहीत लिहून ठेवा:

१. सगळे धरून एका खोलीचे किती, आणि त्यात किती जणी?
२. जादा गादीचे किती?
३. चेक-आउट चोवीस तासांचा की दुपारी बाराचा?
४. संडास-न्हाणीघर खोलीत आहे की सामाईक? गरम पाणी किती वाजता?
५. कितवा मजला? लिफ्ट आहे का?
६. ओळखपत्र एकीचे चालेल की सगळ्यांचे?
७. नुसत्या बायांच्या गटाला खोली देता ना? एकट्या बाईला?
८. बेत बदलला तर अॅडव्हान्स परत मिळेल का?

पहिल्या प्रश्नाचा हिशेब पाहा. समजा लॉजवाला म्हणाला, खोली १,८०० रुपये, तीन जणींची, चौथीची गादी ३००. झाले २,१००. साडेसात हजारांपर्यंतच्या खोलीवर सप्टेंबर २०२५ पासून जीएसटी ५ टक्के आहे, म्हणजे १०५ रुपये. एकूण २,२०५. चौघींत माणशी ५५१ रुपये पडले. दुसरा म्हणाला, डॉर्मिटरीत बेड ५०० रुपये, कर धरून ५२५. फरक सव्वीस रुपयांचा. तेवढ्यासाठी आतून कडी लावता येणारी खोली सोडायची की नाही, ते गटाने ठरवावे. तुलना नेहमी "माणशी, एका रात्रीचे, कर धरून" अशीच करा.

तिसरा प्रश्न आपल्याला फार महत्त्वाचा आहे, कारण आपली गाडी सकाळीच पोचते. चोवीस तासांचा नियम असेल तर शनिवारी सकाळी आठला घेतलेली खोली रविवारी सकाळी आठला सोडायची. बाराचा नियम असेल तर शनिवारी दुपारी बारापर्यंत खोली मिळेलच असे नाही, लवकर हवी तर काही जण जास्तीचे पैसे मागतात. अशा वेळी स्टेशनवर स्त्रियांच्या वेटिंग रूममध्ये तोंड धुऊन, बॅगा क्लोक रूममध्ये ठेवून फिरायला निघता येते. क्लोक रूममध्ये बॅगेला कुलूप लागते आणि तिकीट दाखवावे लागते. रविवारी खोली सोडल्यावरही तीच युक्ती.

सातवा प्रश्न लाजू नका, स्पष्ट विचारा. एकट्या बाईला खोली नाकारणारे लॉज अजूनही आहेत. रात्री दहाला दारातून परत फिरण्यापेक्षा फोनवर नकार ऐकलेला बरा.

पैसे पाठवण्याआधी

हॉटेलच्या किंवा भक्तनिवासाच्या नावाने खोट्या वेबसाइट आणि खोटे नंबर टाकून लुबाडणाऱ्या टोळ्या आहेत. केंद्रीय गृह मंत्रालयाच्या सायबर केंद्राने एप्रिल २०२५ मध्ये यात्रेकरूंना तसा इशाराच दिला होता. म्हणून गुगलवर दिसला तो नंबर खरा मानू नका. संस्थेच्या स्वतःच्या साइटवरचा नंबर घ्या, किंवा आधी जाऊन आलेल्या गटाकडून घ्या. पूर्ण रक्कम आधी पाठवू नका. थोडा अॅडव्हान्स द्या आणि लॉजच्या नावाची पावती मागवा. "पैसे परत करतो, हा कोड स्कॅन करा, पिन टाका," असे कुणी म्हटले की फोन ठेवा. पैसे यायला पिन लागत नाही. फसवणूक झालीच तर लगेच १९३० वर फोन करा. जितका उशीर, तितके पैसे हातून जातात.

पोचल्यावर आधी खोली पाहा, मग रजिस्टरवर सही करा. आतली कडी लागते का, खिडकी बंद होते का, नळाला पाणी आहे का, एवढे पाहायला दोन मिनिटे लागतात. खोल्या एकाच मजल्यावर मागा. लॉजचे कार्ड प्रत्येकीच्या बटव्यात असू द्या. चुकलेली बाई ते दाखवून टॅक्सीने परत येऊ शकते. अडचणीत ११२, आणि रेल्वेत १३९.

आता पुढच्या बैठकीत एक काम करा. दोघींना मुक्कामाची जबाबदारी द्या, एक फोनवर बोलेल आणि एक लिहून घेईल. तीन जागांचे भाव काढा, माणशी हिशेब मांडा आणि तो सगळ्यांसमोर मोठ्याने वाचा. जिला वाचता येत नाही तिलाही कळले पाहिजे की तिचे पैसे कुठे चालले. जाऊन आल्यावर त्या जागेचे नाव, भाडे आणि बरे-वाईट अनुभव ग्रामसंघाच्या वहीत लिहून ठेवा. पुढच्या गटाला तेवढाच आधार.

जा, फिरून या, आणि काय पाहिले ते आम्हालाही सांगा.