पाण्याखालचा लपंडाव

शिकार म्हटली की आपल्याला वाघ आठवतो. पण त्याहून किती तरी अधिक शिकारी रोज पाण्याखाली होतात आणि त्यांची कुणाला चाहूलही लागत नाही. चिंचवडला राहून भोसरीच्या यंत्रांच्या खडखडाटात नोकरी केलेल्या माझ्यासारख्याला ते पाहायला मालवण गाठावे लागले. तेथील सागरी अभयारण्य १९८७ सालचे. सिंधुदुर्ग किल्ल्याच्या परिसरात पाठीवर हवेचा सिलिंडर बांधून, पाणबुड्याच्या सोबतीने समुद्रात उतरता येते.

तळाशी खडकाच्या कपारीत एक हेकरू बसला होता. अंगावर खडकासारखेच ठिपके. पाणबुड्याने बोट दाखवले म्हणून तो मला दिसला. समोर चिमुकल्या माशांचा थवा. हेकरू फारसा पाठलाग करीत नाही. तो एकदम जबडा फाकतो, पाणी आत ओढले जाते आणि पाण्याबरोबर भक्ष्यही. डोळ्याचे पाते लवायच्या आत एक मासा नाहीसा झाला. थवा फुटला, चमकला आणि पुन्हा जुळला. माशाच्या दोन्ही कुशींवर पाण्याची हालचाल टिपणारी रेघ असते. शेजारी वळला की दुसऱ्याला ते तिच्यामुळेही कळते. पुढे दोन वेळा हेकरूचा जबडा रिकामाच मिटला. शिकाऱ्यालाही उपास घडतात!

हाच लपंडाव गोड्या पाण्यातही चालतो. तेथे दबा धरते ती मरळ. पाणवनस्पतींच्या आडून ती लहान मासे आणि बेडूक टिपते. पण आपल्या पवना-इंद्रायणीत हा खेळ चालायचा कसा? आळंदीला इंद्रायणीवर फेसाचे थर तरंगताना आपण अलीकडच्या वर्षांत पाहिले आहेत. सांडपाणी कुजू लागले की पाण्यातला प्राणवायू संपत जातो. आधी लहान मासे गुदमरतात. मरळ पृष्ठभागावर येऊन हवा घेऊ शकते, म्हणून ती आणखी काही काळ तग धरते. पण भक्ष्यच उरले नाही, तर ती तरी खाणार काय?

पिंपरी-चिंचवडपासून चाकणपर्यंतच्या कारखान्यांनी आमच्यासारख्यांची घरे उभी केली, मुले शिकवली. ते ऋण मोठे आहे. पण जलप्रदूषण रोखण्याचा कायदाही १९७४ पासून आहे, आणि घराघरांतले सांडपाणी तर आपलेच. मालवणच्या त्या थव्याला हेकरूपुढे निसटायची संधी होती. विषारी पाण्यापुढे ती ना थव्याला, ना मरळीला.

पुढच्या रविवारी मुलांना घाटावर न्या. मासे दिसले तर दाखवा. दिसले नाहीत, तर का दिसत नाहीत, तेही सांगा.