रविवार एक, भाषा अनेक : तंजावर आणि दूरदर्शन

२५ जानेवारी १९८७ रोजी, रविवारी सकाळी, रामानंद सागर यांच्या ‘रामायण’ या मालिकेचा पहिला भाग दूरदर्शनवरून प्रसारित झाला. पुढे ३१ जुलै १९८८ पर्यंत, ७८ भागांमधून ही मालिका देशभर पाहिली गेली. मालिका हिंदीत होती. ती पाहणाऱ्यांमध्ये मात्र हिंदी न जाणणाऱ्यांची संख्याही मोठी होती. तमिळनाडूतील तंजावर हे अशा प्रेक्षकांचेच शहर.

या शहराचे एक वेगळेपण आहे. सतराव्या शतकात व्यंकोजीराजांच्या काळापासून येथे वसलेली मराठी कुटुंबे घरात मराठी बोलतात, शाळेत व बाजारात तमिळ वापरतात, आणि त्यांच्या कानांवर पडणारे शास्त्रीय संगीत प्रामुख्याने तेलुगू व संस्कृत रचनांचे असते. त्यांच्या दृष्टीने दूरदर्शनचा रविवार हा निव्वळ करमणुकीचा दिवस नव्हता. देशातील अनेक भाषा एकाच पडद्यावर, एकामागून एक ऐकू येण्याचा तो दिवस होता. आज प्रत्येक भाषेला स्वतंत्र वाहिनी लाभली असताना, त्या जुन्या रविवारात नेमके काय होते हे समजून घेण्याजोगे आहे.

रविवारचा क्रम

१९८० च्या दशकाच्या उत्तरार्धात भारतीय घरात दूरचित्रवाणी म्हणजे दूरदर्शन, असेच समीकरण होते. दुसरी वाहिनी मोजक्या महानगरांपुरती मर्यादित होती. त्यामुळे घरातील आजी, शेतकरी, विद्यार्थी आणि लहान मूल या सर्वांसाठी एकाच वाहिनीला दिवसाची आखणी करावी लागे. सुटीच्या दिवशी ही आखणी सर्वाधिक विविधतेची असे.

सकाळी चित्रपटगीतांचा ‘रंगोली’ आणि त्यानंतर पौराणिक मालिका हा क्रम पुढे रूढ झाला. ‘रामायण’ संपल्यानंतर २ ऑक्टोबर १९८८ पासून बी. आर. चोप्रा यांची ‘महाभारत’ ही मालिका सुरू झाली आणि २४ जून १९९० पर्यंत तिचे ९४ भाग प्रसारित झाले. १९९३ मध्ये जपानी चित्रमालिकेच्या हिंदी रूपांतराने मोगली मुलांच्या भेटीला आला. १९९४ मध्ये ‘चंद्रकांता’ने ऐयारांचे जग उभे केले. कर्णबधिरांसाठी खुणांच्या भाषेतील साप्ताहिक बातमीपत्र हाही रविवारचाच भाग होता. देशाच्या कानाकोपऱ्यातील कला, सण आणि कारागिरी यांची ओळख करून देणाऱ्या ‘सुरभि’ने १९९० च्या दशकात पोस्टकार्डांचा अक्षरशः पाऊस अनुभवला.

या साऱ्या क्रमात दुपारची वेळ विशेष महत्त्वाची होती. राष्ट्रीय प्रसारणात त्या वेळी हिंदीखेरीज अन्य भारतीय भाषांतील चित्रपट दाखविले जात. त्यांत पुरस्कारप्राप्त चित्रपटांचा भरणा असे आणि पडद्याच्या तळाशी इंग्रजी उपशीर्षके असत. एका रविवारी आसामी, दुसऱ्या रविवारी बंगाली, कधी कन्नड, कधी मल्याळम, अशी भाषांची पाळी फिरत असे. त्या पाळीत मराठीचाही क्रमांक लागे.

दिल्लीहून तंजावरपर्यंत

मद्रास दूरदर्शन केंद्राचे उद्घाटन १५ ऑगस्ट १९७५ रोजी झाले. तथापि तंजावर तेथून तीनशे किलोमीटरांहून अधिक अंतरावर आहे आणि दूरचित्रवाणीच्या लहरी साधारणपणे सरळ रेषेत प्रवास करतात. पृथ्वीच्या वक्रतेमुळे एका मनोऱ्याची पोच मर्यादित राहते. म्हणूनच केंद्र सुरू झाले तरी दूरच्या जिल्ह्यांना चित्र दिसण्यासाठी वाट पाहावी लागली.

ही अडचण उपग्रहाने दूर केली. ऑगस्ट १९८३ मध्ये ‘इन्सॅट-१ बी’ अवकाशात सोडण्यात आला. त्यानंतर उपग्रहाकडून येणारे कार्यक्रम झेलून ते आसपासच्या परिसरात पसरविणारे लहान प्रक्षेपक गावोगावी उभारण्यात आले. १९८४ मध्ये तर काही महिने दिवसाला जवळपास एक प्रक्षेपक या वेगाने हे काम चालले होते.

या रचनेचा एक परिणाम मात्र भाषेवर झाला. लहान प्रक्षेपक उपग्रहावरून मुख्यतः दिल्लीचा कार्यक्रम घेत. राज्याच्या राजधानीतील केंद्राचा कार्यक्रम तेथपर्यंत नेण्यासाठी वेगळी जोडणी आवश्यक असे, आणि ती सर्वत्र तत्काळ उपलब्ध झाली नाही. परिणामी अनेक शहरांत स्थानिक भाषेच्या आधी हिंदी पोहोचली. १९६५ च्या हिंदीविरोधी आंदोलनाची आठवण ताजी असलेल्या आणि १९६८ पासून शाळांत द्विभाषा सूत्र राबविणाऱ्या तमिळनाडूत यावर नाराजी उमटणे स्वाभाविक होते. राष्ट्रीय प्रसारण एकात्मतेसाठी असले, तरी त्या एकात्मतेची भाषा कोणती, हा प्रश्न येथे सातत्याने विचारला गेला.

तमिळ प्रेक्षकांच्या दृष्टीने आठवड्याचे खरे आकर्षण मद्रास केंद्राचे होते : शुक्रवारी संध्याकाळी चित्रपटगीतांचा ‘ओळियुम ओलियुम’ आणि रविवारी संध्याकाळी तमिळ चित्रपट. त्यामुळे जेथे दोन्ही प्रसारणे उपलब्ध होती, तेथे एकाच रविवारात सकाळी हिंदी, दुपारी एखादी अनोळखी भारतीय भाषा आणि संध्याकाळी तमिळ, असा प्रवास घडत असे.

पाच भाषांची जुनी रंगभूमी

तंजावरला हा अनुभव सर्वस्वी नवा नव्हता. व्यंकोजींचे पुत्र शाहजीराजे यांनी १६८४ ते १७१२ या काळात येथे राज्य केले. त्यांची ‘लक्ष्मीनारायण कल्याण’सारखी नाटके मराठीतील आद्य नाटकांत गणली जातात. त्यांच्याच ‘पंचभाषा विलास’ या नाटकात संस्कृत, तमिळ, तेलुगू, मराठी आणि हिंदी अशा पाच भाषा एकाच रंगमंचावर वावरतात. प्रेक्षकाला पाचही भाषा अवगत असतील, असे गृहीत धरण्याचे कारण नाही. कथा परिचित असली की अनोळखी शब्दांचा अर्थ अभिनयातून आणि संगीतातून उलगडतो, हा अशा प्रयोगांचा आधार.

रविवारच्या ‘रामायणा’बाबत तमिळ प्रदेशात नेमके हेच घडले. कंबन कवीच्या रामायणाने आणि मंदिरांतील हरिकथांनी कथा आधीच घरोघरी पोहोचविली होती. हरिकथेचा हा प्रकारही तंजावरातच घडला. महाराष्ट्रातून आलेल्या कीर्तनकारांची पद्धत तंजावर कृष्ण भागवतर (१८४१–१९०३) यांनी कर्नाटक संगीताशी जोडली. साकी, दिंडी, ओवी, अभंग या मराठी रचनाप्रकारांना तमिळ कथेकऱ्यांच्या सादरीकरणात आजही स्थान आहे.

हे शहर केवळ ग्रहण करणारे राहिले नाही, हेही लक्षात घेतले पाहिजे. जवळच्या तिरुवैयारू येथे दरवर्षी पौष वद्य पंचमीला संत त्यागराजांचा आराधना सोहळा होतो. मराठा राजवटीत, तमिळ प्रदेशात राहून त्यागराजांनी (१७६७–१८४७) प्रामुख्याने तेलुगूत रचना केल्या. शेकडो गायक-वादक एकत्र बसून त्यांची पंचरत्न कीर्तने सादर करतात. आकाशवाणी आणि दूरदर्शन यांनी हा सोहळा थेट प्रसारणाद्वारे देशभर नेला.

वाहिन्या वाढल्या, पाळी संपली

१४ एप्रिल १९९३ रोजी ‘सन टीव्ही’ सुरू झाली आणि तमिळ प्रेक्षकाला आपल्या भाषेत विपुल कार्यक्रम मिळू लागले. दूरदर्शनच्या प्रादेशिक वाहिन्याही स्वतंत्रपणे बहरल्या. मराठीसाठी ‘सह्याद्री’ आली; तमिळ वाहिनी ‘पोदिगै’ या नावाने ओळखली गेली आणि जानेवारी २०२४ मध्ये तिचे ‘डीडी तमिळ’ असे नामकरण झाले. २००४ मध्ये सुरू झालेल्या थेट घरपोच उपग्रह सेवेमुळे मासिक शुल्काविना ‘सह्याद्री’ देशात कोठेही पाहता येऊ लागली. जमिनीवरील जुने प्रक्षेपक, काही अपवाद वगळता, २०२२ पर्यंत बंद करण्यात आले.

तमिळ प्रेक्षकाला यातून न्याय मिळाला, यात शंका नाही. आपल्या भाषेसाठी त्याला दिल्लीच्या वेळापत्रकातील रिकाम्या जागेची प्रतीक्षा करावी लागत नाही. मात्र भाषावार विभागणीत मध्येच उभ्या असलेल्या समाजांचे काय, हा प्रश्न शिल्लक राहतो. तंजावरची मराठी ही तीन शतकांहून अधिक काळ तमिळच्या सहवासात वाढलेली बोली आहे. मुंबई-पुण्याच्या मराठीवर बेतलेली वाहिनी तिला जवळची वाटेलच, असे नाही. तमिळ वाहिनीवर तर तिला स्थान मिळण्याचे कारणच नाही.

पूर्वी मराठी चित्रपटाची पाळी अनेक आठवड्यांनी येत असे. परंतु ती आली की शेजारच्या तमिळ घरातही तोच चित्रपट दिसे. आता मराठी चोवीस तास उपलब्ध आहे; ती ऐकण्यासाठी मात्र कोणीतरी मुद्दाम वाहिनी बदलावी लागते. उपलब्धता वाढली, अवचित होणारी भेट संपली. मार्च २०२० च्या टाळेबंदीत ‘रामायण’ व ‘महाभारत’ पुन्हा दाखविण्यात आली, तेव्हा त्यांना मोठा प्रेक्षकवर्ग लाभला. दुपारच्या त्या बहुभाषिक चित्रपटांची पाळी मात्र तशी परतली नाही.

बृहदीश्वर मंदिराच्या भिंतीवर १८०३ मध्ये, सरफोजीराजे दुसरे यांच्या कारकिर्दीत, भोसले घराण्याचा इतिहास मराठीत कोरण्यात आला. त्याच मंदिरात चोळांचे तमिळ शिलालेख त्याहून आठ शतके जुने आहेत. दोन्ही लेख वाचू शकणारे मोजकेच. पण मंदिरात येणाऱ्या प्रत्येकाच्या नजरेस दोन्ही पडतात. सार्वजनिक प्रसारणाचा रविवार असाच होता. प्रत्येक कार्यक्रम प्रत्येकाला समजत नसे. परंतु आपल्याखेरीज आणखी कोण या देशात राहते, हे मात्र प्रत्येकाला दिसत असे.